हाताची ऊब उतरेपर्यंत



बीएस्सी फिजिक्स झाल्यावर पहिल्याच मुलाखतीत मला विचारलं होतं, "मग बीएड का नाही करत?" परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी रडलो होतो. तोच प्रश्न आज पदवी घेतलेल्या तुम्हाला घरीदारी विचारला जात असेल. म्हणून नोकरीबद्दलच बोलतो.

'भौतिकशास्त्रज्ञ पाहिजेत' अशी जाहिरात या पदवीला सहसा येत नाही. पदाचं नाव भलतंच असतं; पात्रतेची ओळ वाचावी लागते. विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्ह पदाला फिजिक्स-गणित घेऊन बीएस्सी झालेले चालतात. हवामान खात्याच्या सायंटिफिक असिस्टंटच्या भरतीतही आपला विषय धरला जातो. भाभा अणुसंशोधन केंद्र बीएस्सीच्या मुलांना स्टायपेंड देऊन प्रशिक्षण देतं. पण जागा थोड्या, अर्ज अफाट आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. तिच्या भरवशावर घरी बसू नका.

माझं पोट कॅलिब्रेशनवर चालतं. कारखान्यातली मापं खरी आहेत का, हे आम्ही तपासतो. आमच्याकडे एक मुलगी कामाची चाचणी द्यायला आली होती. शंभर मिलिमीटरचं पोलादी स्लिप गेज, म्हणजे लांबीचा प्रमाण-ठोकळा, तिनं कम्पॅरेटरखाली ठेवलं आणि वाचन घेतलं. दुसरं घेतलं, ते कमी आलं. तिसरं आणखी कमी. आमचा जुना माणूस म्हणाला, "सरासरी काढ आणि लिही." ती म्हणाली, "नको सर, थांबूया. मी हातात धरलं होतं, ते अजून निवतंय." तापमान एका अंशानं वाढलं की एवढं पोलाद साधारण एक मायक्रॉननं लांबतं. खोली 20 अंशांवर राखायची ती त्याचसाठी. हे तिला कुणी कारखान्यात शिकवलं नव्हतं. तुम्ही प्रॅक्टिकलला शिकलात तेच ते. वीस मिनिटांनी वाचन ठरलं, आणि आमचंही.

म्हणून बायोडेटात 'मेहनती, प्रामाणिक' लिहून जागा भरू नका. कोणतं उपकरण हाताळलं, त्याचं लघुत्तम माप किती, चूक कुठून शिरत होती आणि तुम्ही ती कशी पकडली, ते लिहा. जोडीला पायथॉन किंवा निदान एक्सेल नीट शिका. आकडे आजकाल वहीत मावत नाहीत.

विषयाची खरी ओढ असेल तर जॅम ही प्रवेशपरीक्षा द्या, एमएस्सी करा, मनापासून करा. नोकरी मिळत नाही म्हणून दोन वर्षं ढकलायला मात्र करू नका. पालकहो, पहिला पगार कमी असेल. तो शेजारच्या इंजिनिअरच्या पगाराशी लावून बघू नका.

आणि आज घरी गेल्यावर प्रॅक्टिकलची जर्नलं रद्दीत घालू नका. माझ्याकडे मुलाखतीला याल तेव्हा ती सोबत आणा. मी पानं उलटून बघणार आहे.