तकदीर आणि तदबीर

नांदगाव पेठेत हायवेकडेच्या चहाटपरीवर कापसाचा भाव, पाऊस आणि नशीब हे विषय ठरलेलेच. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं जीवन संपवल्याची बातमी आली. एक जण म्हणाला, "नशिबातच होतं बाप्पा." दुसरा तडकला, "नशीब कायचं? त्यालेच जगाचं नव्हतं. चाचा, तुम्हीच सांगा!" मी गप्प बसलो. तो माणूस महिनाभर टपरीवर आला नव्हता आणि आम्ही कुणी चौकशी केली नव्हती.

मानसशास्त्रातही हा वाद जुनाच आहे. माणसाचं वागणं परिस्थिती घडवते, असं बी. एफ. स्किनर म्हणत. कार्ल रॉजर्स माणसाच्या निवडीवर भरवसा ठेवत. १९५६ साली दोघांनी यावर जाहीर वाद घातला. पुढे १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी दाखवलं, की बोट हलवण्याचा निर्णय आपल्याला जाणवण्याआधीच मेंदूची तयारी सुरू झालेली असते. तरी उरलेल्या क्षणात थांबता येतं, असंही तेच म्हणत. या प्रयोगाच्या अर्थावर आजही मतभेद आहेत.

कायद्यानंही बाजू बदलली. दंडसंहितेचं ३०९ कलम आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानी. एक वर्षापर्यंत कैद होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मात्र असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२४ मध्ये आलेल्या न्याय संहितेत ते जुनं कलम उरलं नाही.

मग माणसाच्या हाती काहीच नाही का? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. शेती तीच, पाऊसही तसाच लहरी. पण दारात कुणीतरी आलं आणि दवाखान्याची वाट धरणं लोकांना जमलं.

आमच्या घरी तकदीर आणि तदबीर हे शब्द जोडीनं यायचे. एका वर्षी कपाशी बुडाली, तेव्हा अब्बा बाजेवरून उठेनात. शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन बसत. आठवड्यानं त्यांनी अब्बांना धुऱ्यापर्यंत नेलं. पुढच्या मृगात अब्बांनी पुन्हा पेरलं. ते म्हणत, "उठाया उसने, बोया मैंने."

टपरीवरच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. ताण वाढला की माणसाला समोरच्या वाटा दिसेनाशा होतात. त्या पुन्हा दिसाव्यात म्हणून दुसऱ्याला जवळ बसावं लागतं. चालायचं मात्र त्याचं त्यालाच.

आता कुणी चार दिवस दिसला नाही, तर मी त्याच्या घरी जातो. मनावर ओझं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला, असंही सांगतो. चहा घेतल्याशिवाय मात्र उठत नाही.