दारातला हत्ती



हत्ती विकत घेणे एक वेळ जमेल, पण त्याला पोसणे कठीण, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली आहेत. संस्थाने गेली, हत्तीखाने गेले. पण दारात हत्ती झुलावा ही हौस काही माणसाच्या मनातून गेली नाही. तिने फक्त रूप पालटले. आज मी ज्या हत्तीविषयी बोलणार आहे त्याला पायांच्या जागी चाके आहेत, आणि विशेष हे की त्याची चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. जुनी झालेली, पण एके काळी श्रीमंतीची खूण मानली गेलेली अशी चारचाकी-चालनाची गाडी घ्यावी का, आणि घेतलीच तर सांभाळावी कशी, एवढाच आजचा विषय.

उदाहरण म्हणून एकच गाडी घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. ती म्हणजे इंग्लंडमधल्या सॉलिहल येथे तयार झालेली पहिली रेंज रोव्हर. १९७० च्या जूनमध्ये ती बाजारात आली आणि थोडेफार बदल होत १९९६ पर्यंत बनत राहिली. या काळात तीन लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. स्पेन्सर किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड हे तिचे मुख्य अभियंते, आणि तिच्या रूपावर शेवटचा हात फिरवला तो डेव्हिड बाश यांनी. या मंडळींच्या पुढचा प्रश्न साधाच होता. शेतात, चिखलात, डोंगरात चालणारी गाडी ही हाडे खिळखिळी करणारीच असली पाहिजे का? त्यांनी पाट्यांच्या जागी लांब गुंडाळी स्प्रिंगा बसवल्या, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे ॲल्युमिनियमचे इंजिन घातले, आणि चारही चाकांना कायमची गती दिली.

आता एक गंमत पहा. आज जिला आपण ऐषआरामी म्हणतो ती ही गाडी आरंभी तशी नव्हतीच. आतल्या बैठका प्लॅस्टिकच्या, खाली रबरी चटया. चिखलाने माखली की आत पाण्याची नळी धरून धुऊन काढावी, असा हिशोब. किंमत २,००० पौंडांच्या जरा आत. चार दारे आली ती १९८१ मध्ये. मग हळूहळू गालिचे आले, कातडे आले, लाकडी नक्षी आली, आपोआप बदलणारे गिअर आले, आणि १९९२ पासून काही गाड्यांत स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगेही आले. शेतकऱ्याच्या वाड्यातून गाडी सरदाराच्या वाड्यात गेली. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे म्हातारपणी जी दुखणी उद्भवतात त्यांतली बरीचशी या दुसऱ्या वाड्यातली आहेत.

प्रथम पैशाचा विचार करू. वाणिज्याच्या वर्गात आम्ही घसारा शिकवतो. वस्तू जुनी होते तसतशी तिची किंमत खाली येते, हे मुलांना चटकन समजते. पण या नियमाची दुसरी बाजू पुस्तकात नसते. गाडीची किंमत घसरते. तिच्या सुट्या भागांची किंमत घसरत नाही. वीस-पंचवीस वर्षांची मोठी गाडी कधी कधी एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळून जाते. पण तिचा रेडिएटर, तिचे ब्रेक, तिचा गिअरबॉक्स हे मोठ्या गाडीचेच असतात, आणि मोठ्या गाडीच्याच भावाने मिळतात. भाव उतरला तरी थाट उतरत नाही, बरं का! पुष्कळ माणसे खरेदीची किंमत पाहून आनंदतात, आणि पहिल्याच वर्षी दुरुस्तीचा आकडा खरेदीच्या आकड्याशी शर्यत करू लागला की गाडी विकायला काढतात. अशा अर्धवट दुरुस्त्यांच्या गाड्या एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहतात, आणि प्रत्येक हातात त्यांची अवस्था थोडी अधिक बिघडते.

इंधनाचेही तसेच. आठ सिलिंडरांची अशी गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर चालली तर ठीक चालली म्हणायचे. महिन्याला ५०० किलोमीटर चालवायची आणि लिटरला पाचच किलोमीटर धरले, तर १०० लिटर पेट्रोल लागेल. भाव १०० रुपये धरा. महिन्याला १०,००० रुपये झाले. लिटरला २० किलोमीटर देणारी छोटी गाडी तेवढाच प्रवास २,५०० रुपयांत करील. हा फरक कितीही कुशल मिस्त्री मिटवू शकणार नाही. तो पत्करूनच गाडी घ्यावी लागते.

आता दुखण्यांकडे वळू. गाडी म्हातारी होते म्हणजे नेमके काय होते? माझ्या मते तीन गोष्टी म्हाताऱ्या होतात : लोखंड, रबर आणि तार.

लोखंडाची गोष्ट फसवी आहे. या गाडीचे बाहेरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमचे, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला गंज दिसत नाही. खालची चासीही जाड पेटीसारख्या लोखंडाची, ती बराच काळ टिकते. पण या दोहोंच्या मधला जो सांगाडा, ज्यावर पत्रे बसवलेले असतात, तो पोलादी आहे. जिथे ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटतात आणि मध्ये पाणी शिरते, तिथे पोलादाला गंज लागतोच, शिवाय ॲल्युमिनियमही पांढरी भुकटी होऊन झडू लागते. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला लागते. आपल्याकडे मीठ टाकत नाहीत, पण मुंबईपासून गोव्यापर्यंत समुद्राची खारी हवा तेच काम सावकाश करते. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका. पायाखालचा गालिचा उचला. मागचा फाळका उघडून त्याच्या कडा पाहा. दारांच्या खालच्या उंबऱ्यावर बोटाने ठोकून आवाज ऐका. इंजिन काढून दुसरे बसवता येते. सांगाडा सडला तर गाडीच उभी-आडवी उकलावी लागते.

दुसरे रबर. इंजिनाचे पाणी नेणारे पाईप, पेट्रोलचे पाईप, ब्रेकचे पाईप, आसाच्या टोकांची बुशे, तेल अडवणारी सीले, सारे रबराचे. गाडी चालली नाही तरी रबर सुकते, तडकते. शिवाय आता एक नवी भर पडली आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपल्याकडे २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या काळच्या रबराला मऊ करते. १९७० किंवा १९८० च्या गाडीचे पाईप या इंधनाचा विचार करून बनवलेले नव्हते. ते बदलून इथेनॉलला टिकणारे पाईप घालणे, हा खर्च थोडा आहे आणि आगीपासून वाचवणारा आहे. त्यात कसूर करू नये. हवेच्या फुग्यांचेही असेच. रबर झिजले की बारीक गळती लागते, गाडी सकाळी बसलेल्या उंटासारखी दिसते, आणि हवा भरणारा पंप रात्रंदिवस धावून जळतो. पुष्कळ मालक अखेर फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवतात. मूळपणा गेला म्हणून कोणी हळहळतात. मला वाटते, गाडी उभी राहून शोभेची होण्यापेक्षा चालती राहिलेली बरी.

तिसरी तार. जितका आराम अधिक, तितक्या तारा अधिक. खिडक्या विजेच्या, बैठका विजेच्या. तारेच्या जोडावर हिरवट कीट चढला की दिवा मंद होतो, काटा खोटे सांगतो, आणि आपण चांगला भाग वाईट समजून बदलत बसतो. म्हणून आधी जोड घासून स्वच्छ करावेत, जमिनीला जोडणाऱ्या तारा घट्ट कराव्यात, आणि मगच नवा भाग आणावा.

या तिन्हींच्या जोडीला वंगण आणि पाणी. ॲल्युमिनियमच्या इंजिनात नुसते नळाचे पाणी घालू नये. आतून गंज धरू न देणारे शीतक त्यात बारा महिने हवे, मग बाहेर बर्फ पडो वा ऊन. पाणी कमी पडून इंजिन एकदा फार तापले की हेड गॅस्केट जाते. तेल वेळेवर बदलले नाही की आत काजळीचा चिखल साचतो आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट झिजतो. तेल स्वस्त आहे, कॅमशाफ्ट महाग आहे. यापलीकडे उपदेश नको.

या गाडीची पुढची चाके वळतातही आणि गाडी ओढतातही. त्यासाठी आसाच्या टोकाला एक पोकळ, चकचकीत पोलादी गोळा असतो. त्याच्यावरचा मुलामा खवलला की तो भोवतीचे सील कापतो आणि तेल गळू लागते. उतावळा माणूस सील तेवढे बदलतो, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेल गळते. रोग गोळ्याचा, औषध सीलाला! तसेच टायरचे. पुढचा आणि मागचा आस कायम एकमेकांशी बांधलेले, म्हणून चारही टायर एका मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. एकच नवा टायर घालून वाचवलेले पैसे मधल्या यंत्रणेच्या झिजेत जातात. १९७१-७२ मध्ये अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत दोन रेंज रोव्हर गेल्या. पनामाजवळच्या डॅरियनच्या दलदलीत त्यांना फार मोठे टायर लावले होते, आणि त्या भाराने त्यांचे डिफरन्शिअल फुटले. गाडी बळकट होती. पण तिच्या प्रमाणाबाहेर तिला जोखड लावले की तीही मोडते.

मग खर्चाचा क्रम कसा ठेवावा? आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, कारण त्यांत आपला आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव आहे. मग इंधनाचे पाईप आणि पाण्याची व्यवस्था. मग गंज. आणि सर्वांत शेवटी कातडे, लाकूड, रंग. आपल्याकडे क्रम नेमका उलटा होतो. रंग आधी चढतो, कारण तो शेजाऱ्याला दिसतो. ब्रेकचा पाईप शेजाऱ्याला दिसत नाही.

कायद्याविषयी दोन शब्द. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, आणि पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना वेगळी नोंद दिली. पण त्या प्रदर्शनासाठी, शर्यत-मेळाव्यांसाठी आणि तत्सम कामांसाठी, रोजच्या वापरासाठी नव्हेत. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, मोठे फेरफार न केलेल्या ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. परंतु कायद्याने दिलेली सूट ब्रेकला कळत नाही. जिथे सरकार तपासत नाही, तिथे मालकाने स्वतः वर्षातून एकदा गाडी वर उचलून, खाली दिवा धरून पाहावे, हेच बरे.

ही गाडी कोणी घ्यावी? ज्याच्या घरी रोजच्या कामाला दुसरे वाहन आहे. ज्याच्याकडे छप्पर आहे. ज्याने खरेदीच्या पैशाइतकेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले आहेत. आणि ज्याला चांगला मिस्त्री ठाऊक आहे, किंवा स्वतः हातात पाना धरायची लाज नाही. मुलीच्या शिक्षणाचे किंवा घराच्या हप्त्याचे पैसे वळवून कोणी घेऊ नये. एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती लागले हे लिहावे. पुढच्या मालकाला गाडीबरोबर ती वही मिळाली, तर तिची किंमत नव्या रंगापेक्षा जास्त.

मग हा सारा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. त्याला माझे उत्तर असे. १९७१ साली पॅरिसच्या लूव्रमध्ये ही गाडी औद्योगिक रचनेचा नमुना म्हणून मांडली गेली. २०१७ साली मूळ कंपनीनेच दहा जुन्या गाड्या नव्याने घडवून विकायला काढल्या, एकेकीची किंमत १,३५,००० पौंडांपासून पुढे. २००८ मध्ये टाटांनी ती कंपनी घेतली, आणि २०२४ मध्ये नव्या रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होणार असे जाहीर झाले. जुन्या गाडीची आणि आपली आता अशी दूरची सोयरीक आहे. पण तिचे खरे मोल पौंडांत नाही. तिचे बोनेट उघडले की प्रत्येक भाग काय काम करतो ते डोळ्यांना दिसते, पाना आत शिरतो, आणि बिघडलेले दुरुस्त होते. वस्तू बिघडली की फेकायची, या दिवसांत एक यंत्र तीस-चाळीस वर्षे चालते ठेवणे म्हणजे ते बनवणाऱ्यांच्या कष्टांचा मान राखणे होय.

तो मान राखण्याची ऐपत असेल, आणि ऐपतीपेक्षाही सवड व चिकाटी असेल, तर खुशाल दारात हत्ती बांधावा. नसेल, तर दुसऱ्याचा हत्ती रस्त्याने जाताना दोन क्षण थांबून पाहावा. त्याला काही खर्च येत नाही.