गृहसेवा आणि नेतृत्वाचा वारसा
(जुबिली समारंभानिमित्त वडूज येथे केलेले भाषण)



जुबिलीच्या दिवशी मागे वळून पाहावे आणि ज्यांनी पाया घातला त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करावे, हा रिवाज योग्यच आहे. परंतु अशा दिवशी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा; तो हा की, पाया घालणारे गेल्यावर भिंती कोणी उचलावयाच्या? हा प्रश्न आज आम्ही गरिबांस घरे मिळवून देणाऱ्या सेवाभावी संस्थांविषयी विचारणार आहोत. इतर संस्थेचा चालक गेला तर काम काही दिवस खोळंबते. परंतु घरे बांधणाऱ्या संस्थेचा चालक गेला आणि मागे मेळ राहिला नाही, तर एखादे कुटुंब अर्ध्या भिंतीच्या आडोशाने पावसाळा काढते.

ही निव्वळ कल्पना नव्हे. आमच्या पाहण्यातील एका मंडळीचे असेच झाले. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. चालक सज्जन व निःस्वार्थी होते. बँकेचे पुस्तक, गवंड्यांचा हिशेब, कुटुंबांची यादी, जागांचे उतारे, सर्व काही एका लोखंडी पेटीत असे, आणि पेटीची किल्ली त्यांच्यापाशी. एके दिवशी ते अकस्मात निवर्तले. बँकेत दुसऱ्या कोणाची सही चालेना, मजुरी थकली, कोणाचा हप्ता भरला व कोणाचा राहिला हे कोणास सांगता येईना. जोत्यापर्यंत आलेली घरे दोन पावसाळे तशीच राहिली. त्या सज्जनांच्या सचोटीत तिळमात्र उणे नव्हते. उणे एवढेच की, आपल्यामागे कोण, हे त्यांनी कधी ठरविले नाही. आणि आम्हीही त्यांस कधी विचारले नाही. त्या दोषाचा अर्धा वाटा आमचा आहे.

याउलट एक उदाहरण मुंबईचे आहे. आपला खटाव-माणचा मुलूख पर्जन्यछायेचा. पोटासाठी मुंबई गाठणारी माणसे येथल्या घराघरांत आहेत, आणि त्या शहरात डोक्यावर छप्पर मिळविणे किती कठीण हे आपणांस सांगावयास नको. त्या शहरी मानखुर्दच्या जनता कॉलनीत जोकिन अर्पुथम नावाचे एक सुतारकाम करणारे गृहस्थ राहत. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, ती वसाहत पाडण्यात आली. तिच्या रक्षणार्थ झालेल्या लढ्यातूनच जोकिन यांचे नेतृत्व घडले आणि झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. पुढे १९८४ साली श्रीमती शीला पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पार्क' ही संस्था स्थापिली. भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटनाही त्यांस येऊन मिळाली.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हजारोंच्या सभा गाजविणाऱ्या जोकिन यांनी आपले बळ आपल्यापाशी कोंडून ठेवले नाही. सभेस पुरुष जमतात, पण वस्ती सांभाळतात त्या स्त्रिया, हे ओळखून त्यांनी स्त्रियांस पुढे केले. रोजची बचत गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांनी रंगीत कागदाच्या कपट्यांनी रकमा ओळखण्याची युक्ती काढली. वस्तीची मोजणी त्यांनी केली. खऱ्या मापाचे नमुनाघर उभारून, कसे घर हवे हे अधिकाऱ्यांस त्यांनीच दाखविले. जोकिन यांस २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली; १३ ऑक्टोबर २०१८ रोजी ते निवर्तले. शोक मोठा झाला. तथापि हिशेब, मोजणी व बचत ज्या हातांत होती ते हात शाबूत होते. किल्ली अगोदरच अनेकांपाशी गेली होती.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे, आणि ते काहीसे कडू आहे. मिलर्ड व लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ साली अमेरिकेत 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. ज्याचे घर त्यानेही अंगमेहनत करावी, असा तिचा नियम. १९८३ पासून भारतातही तिचे कार्य आहे. जानेवारी २००५ च्या अखेरीस खुद्द संचालक मंडळानेच संस्थापक फुलर यांस दूर केले. त्याच वर्षी जोनाथन रेकफर्ड यांच्याकडे कारभार आला, आणि फुलर यांनी घरबांधणीचीच दुसरी संस्था काढली. पुष्कळ मने दुखावली. परंतु घरे बांधणे थांबले नाही, कारण गावोगावच्या शाखांस आपले काम ठाऊक होते. यातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. संस्था संस्थापकाहून मोठी असावी, ही एक. आणि निरोपाची वेळ भांडणाने येण्यापूर्वी शहाणपणाने ठरवावी, ही दुसरी.

वडूजकरांस हा धडा परका नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला; परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. म्हणून सातारा स्वस्थ बसला काय? पुढे याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे कार्य चालले, कारण ते गावोगावच्या अनेक खांद्यांवर होते. मोशेने लोकांस वाटेला लावले, पण नदीपार नेले यहोशवाने. आणि मोशेने त्यास आपल्या हयातीतच पुढे उभे केले होते, हे आपण विसरू नये.

तात्पर्य, आमची विनंती थोडकी आहे. आपल्यापैकी जे कोणी घरबांधणीच्या कामात असतील त्यांनी बँकेत एकाऐवजी दोघांच्या सह्या ठेवाव्या. हिशेब दरसाल घरमालकांसमोर वाचून दाखवावा. जागेच्या प्रत्येक उताऱ्याची प्रत त्या त्या कुटुंबास द्यावी. चालकाची मुदत आधीच ठरवावी. आणि एका तरुणास व एका स्त्रीस आजपासून शेजारी बसवून काम शिकवावे. जुन्या चालकांनी हा आपला अपमान समजू नये. नव्यांनीही जुन्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

आपणांपैकी कित्येकांच्या कमरेला अशी एखादी किल्ली असेल. जुबिलीच्या या शुभदिनी तिची दुसरी प्रत करून कोणाच्या तरी हाती द्यावी, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.