वारा, पाणी आणि गिरणीचा पट्टा



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले की तो बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. बाहेरच्या फळ्यावर 'फेंगशुई म्हणजे काय?' हा विषय वाचून आपल्यापैकी काहींनी चुकीच्या मांडवात तर आलो नाही ना, असे एकमेकांस विचारले असेल. मांडव बरोबर आहे. माझे शालेय शिक्षण थोडे; वाचले ते वाचनालयात आणि एस.टी.च्या थांब्यांवर. चिनी भाषा मला येत नाही. पण हा विषय माझ्या कामात कसा शिरला, ते पुढे ओघाने येईलच.

आधी थोडी गंमत. हल्ली शहरातल्या दुकानांत काचेच्या भांड्यात पाण्यात उभ्या केलेल्या हिरव्या कांड्या मिळतात. त्यांना 'लकी बांबू' म्हणतात, आणि त्या घरात ठेवल्या की भाग्य येते असे सांगतात. आपण बांबूच्या मुलखातली माणसे. बल्लारपूरच्या कागदाला बांबू कोणत्या जंगलांनी पुरवला, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. तर ही कांडी बांबूच नव्हे! ती ड्रॅसिना नावाची झुडुपाची जात, मूळची आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडची. आफ्रिकेचे झाड, चीनचे नाव, आणि विकत घेणारा गडचिरोलीचा, ज्याच्या सांदवाडीत खरा बांबू उभा आहे.

आता मूळ विद्येकडे वळू. कारण बाजारातल्या खेळण्यांवरून एखाद्या प्राचीन समाजाच्या विचाराची किंमत करणे न्यायाचे नव्हे. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. चिन्यांनी आपल्या गूढविद्यांचे पाच भाग मानले आहेत: साधना, वैद्यक, भाग्य, शकुन आणि रूपावरून पारख. माणसाचा चेहरा पाहून जसे सांगायचे तसे जमिनीचा चेहरा पाहून सांगायचे, म्हणून फेंगशुई पाचव्या भागात पडते. आरंभी ती घरासाठी कमी आणि थडग्यासाठी जास्त होती. पूर्वजांना चांगली जागा मिळाली तर वंशजांचे बरे होते, ही त्यामागची श्रद्धा. या विद्येचा जुना ग्रंथ दफनाविषयीच आहे, आणि तो इसवी सन २७६ ते ३२४ या काळातल्या क्वो फू या पंडिताच्या नावावर सांगतात. विश्वात 'ची' नावाचे चैतन्य खेळते, आपल्याकडच्या प्राणाच्या कल्पनेजवळचे. उघड्यावरच्या वाऱ्याने ते उधळते आणि पाण्याच्या काठाशी ते अडते. म्हणून जागा आडोशाची आणि पाण्याजवळची हवी, असा विचार.

'यिन' आणि 'यांग' हे शब्द आपण ऐकले असतील. अंधार-उजेड, शीत-उष्ण, स्त्री-पुरुष अशी जोडी लावून ते फार गूढ करून सांगतात. त्यांचा मुळातला अर्थ एखाद्या गुराख्यालाही कळेल: डोंगराची सावलीची बाजू ती यिन आणि उन्हाची बाजू ती यांग. नदीच्या बाबतीत उत्तरेचा काठ यांग. लुओ नदीच्या उत्तरेला वसले म्हणून त्या शहराचे नाव लुओयांग. मला हे वाचून मोठा आनंद झाला. तत्त्वज्ञान आधी डोंगरावर ढोरे चारत होते, मागाहून ते पोथीत गेले.

पंचतत्त्वांचेही तसेच. आपली पंचमहाभूते म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. चिन्यांची पाच म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. त्यांच्यात वायू नाही, आकाश नाही. कारण ते पदार्थ मोजत नाहीत, फेरे मोजतात. लाकडातून अग्नी, अग्नीची राख म्हणजे माती, मातीतून धातू, धातूपासून पाणी, पाण्यावर पुन्हा लाकूड. उलट फेराही आहे: पाणी अग्नीला विझवते, अग्नी धातूला वितळवतो, धातू लाकडाला कापतो, लाकूड मातीला फोडते, माती पाण्याला अडवते. कुंभार आणि लोहार यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. अडचण पुढे येते. हाच फेरा महिन्यांना, रंगांना, शरीराच्या अवयवांना आणि माणसाच्या जन्मवर्षाला चिकटवला, आणि मग कोणाच्या मुलीचे लग्न कोणाशी जमेल तेही त्यावरून सांगू लागले. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट जिथे संपते तिथून पुढचा हा प्रवास आहे.

दिशांचा प्रश्न मात्र थोडे थांबून पाहण्यासारखा आहे, कारण आपल्या घरांत भांडणे त्यावरूनच होतात. चिनी मताने घराचे तोंड दक्षिणेला असावे. बादशहा सिंहासनावर दक्षिणेला तोंड करून बसे. पेकिंगचा राजवाडा १४२० मध्ये पुरा झाला. त्याचे मुख्य द्वार दक्षिणेला, आणि खंदकाची माती उपसून पाठीशी उत्तरेला मुद्दाम एक टेकडी उभी केली. आता आपल्या वास्तुशास्त्राला विचारा. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे दार नको. धनाचा कुबेर उत्तरेला. चीनच्या बादशहाचे भाग्य जिथून येत होते, तिथून आपल्याकडे रेडा येतो! दोघेही शास्त्र म्हणवतात. दोघेही एकाच वेळी खरे कसे?

याचे उत्तर सूर्याकडे आहे. पेकिंग चाळीस अक्षांशांवर आहे. तिथला दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो, आणि हिवाळ्यात मंगोलियाकडून हाडे गोठवणारा वारा उत्तरेने येतो. तिथे दक्षिणेला दार आणि उत्तरेला टेकडी हे शहाणपण आहे. आपली आरमोरी साडेवीस अक्षांशांच्या आसपास. मेच्या चौथ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. आपल्याला छळते ती वैशाखात पश्चिमेची भिंत, आणि झोडपतो तो नैर्ऋत्येचा पाऊस. गरजा निराळ्या, म्हणून सोयीही निराळ्या. घरकुलाचा तुकडा दक्षिणमुखी निघाला म्हणून ज्या घरातले जेवण तुटते, त्यांनी पश्चिमेला छपरी काढावी आणि चुलीच्या धुराला वाट करावी. पाण्याचेच म्हणाल तर वास्तुशास्त्राला ते ईशान्येला हवे. आपली वैनगंगा गावाच्या पश्चिमेला. आता आरमोरी उचलून ब्रह्मपुरीच्या बाजूला नेऊन ठेवायची काय?

जमीन वाचण्याची विद्या आपल्याकडेही होती, आणि फार मोठी होती. चिनी जाणकार सांगत की नदी जिथे वळते तिथे वळणाच्या कुशीत वस्ती करावी, बाहेरच्या काठावर करू नये. यात गूढ काही नाही: वळणाच्या बाहेरचा काठ पाणी कोरत नेते आणि आतल्या काठाला गाळ घालते. आपल्या मार्कंड्यालाही वैनगंगा वळून उत्तरवाहिनी होते, आणि नेमके तिथेच देवळांचा समूह उभा आहे. आमच्या झाडीपट्टीतले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते कोणी बांधले? कोहळ्यांनी. पाळ कुठे घालायची, सांडवा कोणत्या अंगाला काढायचा, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचे, हे त्यांना उतार पाहून कळत असे. तळे बांधणाऱ्याला जमीन सवलतीने देण्याची चाल गोंडराजांच्या काळी होती. त्यांचा अंदाज चुकला की पहिल्याच पावसात पाळ फुटायची आणि सारे गाव पाहायचे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा पाण्याने कोणाच्या दाराचे तोंड पाहिले नाही. खोलगटातली घरे तेवढी पाहिली.

एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. लोहचुंबकाची सुई चीनमध्ये प्रथम जागा पाहणाऱ्यांच्या हाती खेळली आणि मग ती जहाजावर गेली. शेन क्वो याने १०८८ च्या सुमारास लिहून ठेवले की ही सुई तंतोतंत दक्षिण दाखवीत नाही, किंचित बाजूला झुकते. चुकीच्या समजुतीमागे लागलेला माणूसही नीट पाहू लागला की त्याच्या हाती खरे काही लागते. आज जी फेंगशुई विकली जाते तिच्यात मात्र होकायंत्रही उरलेले नाही. एका नव्या पंथाने अष्टकोनी नकाशा सरळ घराच्या दारालाच लावायला सांगितला. दार कोणत्याही दिशेला असो, धनाचा कोपरा ठरलेला. विक्रीला हे सोपे पडते.

पारख करायची तर कशी, हे महाराष्ट्रात एकदा नीट दाखवले गेले आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर मंदबुद्धी मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणाची ते विचारले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. बरोबर निघालेली शेकडा ४६. नाणे उडवले असते तर पन्नासाच्या जवळ गेली असती. हा प्रयोग पत्रिकेचा होता, घराचा नव्हे. पण घराचाही असाच करता येईल.

आता माझ्या कामाचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका धानाच्या गिरणीत एका तरुण हमालाचा उजवा हात चालत्या पट्ट्यात गेला. पट्ट्याला जाळी नव्हती. मालकाने नागपूरहून सल्लागार आणला. सल्लागाराने दोष काढला तो दक्षिणेच्या दाराचा. ते दार विटांनी बुजवले, उत्तरेला नवे पाडले, कार्यालयात काचेचा लोलक टांगला आणि गल्ल्यावर तीन पायांचा बेडूक बसवला. या सगळ्याला जो खर्च आला, त्याच्या एका कोपऱ्यात पट्ट्याची जाळी बसून गेली असती. नुकसानभरपाईची बोलणी करायला आम्ही गेलो, तेव्हा मालक अगदी मनापासून म्हणाला, "भाऊ, जागेचा दोष होता, तो मी काढला." तो लबाडी करत नव्हता, आणि तेच कठीण होते. लबाडाशी भांडता येते. त्याहून कठीण म्हणजे, त्या मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, आमच्या घराचं तोंडही तिकडंच आहे, म्हणून तर नाही ना झालं?" हात गेला तो गेलाच, आणि त्याचा दोषही तिच्याच उंबरठ्याशी येऊन बसला होता.

हमालांची बैठक घेतली. निम्मे म्हणत होते, आता वास्तू झाली, आता काही होत नाही. मी म्हटले, आपणही थोडी फेंगशुई करू. पट्टा जमिनीपासून किती हात उंच? पोते ओतताना माणूस कुठे उभा राहतो? यंत्र बंद करायचे बटन तिथून किती पावलांवर? त्यांनी स्वतः पावले मोजली. बावीस भरली, आणि वाटेत पोत्यांची थप्पी. चालत्या यंत्राला कुंपण हवे, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमात लिहिले गेले. तेव्हापासून कायद्यांची नावे बदलली, पट्टा बदललेला नाही. पावलांचा तो कागद आम्ही कारखाना निरीक्षकापुढे ठेवला. जाळी बसली, बटन माणसाच्या हाताशी आले, भरपाईही मिळाली, उशिरा का होईना.

दक्षिणेचे दार अजून बुजलेलेच आहे. धान वाळवण्याचे पटांगण त्याच अंगाला, त्यामुळे पाठीवर पोते घेऊन हमाल साऱ्या इमारतीला वळसा घालतात. ते उघडावे म्हणून त्यांनी यंदा अर्ज केला आहे. तो लिहिताना मी शेजारी बसलो होतो. अर्जात दिशेचे नाव त्यांनी कुठेच घातले नाही. 'पटांगणाकडचे दार' एवढेच लिहिले आहे.