पंक्तीतला पेला

मेक्सिको देशातील ‘मार्गारीटा’ हे पेय आता आपल्याकडील शहरी मेजवान्यांतही दिसू लागले आहे. टेकिला नावाचे मद्य 50 मिलिलीटर, संत्र्याचे मद्य 20 व लिंबाचा रस 15, एवढे बर्फासह हलवून, काठाला मीठ लावलेल्या पेल्यात गाळावे, ही तिची रूढ कृती होय. टेकिला ज्या झाडापासून काढतात, ते आपल्या बांधावरील घायपाताच्याच कुळातले. जगात मेक्सिकन म्हणून ओळखले जाणारे लिंबू तर मूळचे आशियातले, आपले कागदी लिंबूच. आमच्या जिल्ह्यात श्रीगोंद्याच्या बागांतून ते पिकते.

परंतु हे सांगण्याचे कारण निराळे आहे. माझ्या एका स्नेह्यांनी मोठ्या कष्टाने मद्य सोडले. पुढे एका मेजवानीत सर्वांच्या हाती सुंदर पेले, आणि यांच्यापुढे पाण्याचे भांडे! ते मला म्हणाले, “मास्तर, मोह मद्याचा नव्हता हो. पंक्तीबाहेर बसविल्यासारखे वाटले.”

तेव्हापासून आमच्या घरी सर्वांसाठी एकच पेय होते. संत्र्याचा रस 60 मिलिलीटर, लिंबाचा 20, साखरेचा पाक दोन चमचे व भरपूर बर्फ घट्ट झाकणाच्या डब्यात घालून खूप हलवावे. पेल्याच्या काठावर लिंबाची फोड फिरवून तो मिठात टेकवावा, आणि मग त्यात पेय गाळावे.

मद्य द्यावे की न द्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ज्याने ते सोडले, त्याचा पेला इतरांहून उणा दिसू नये, एवढी काळजी यजमानाने अवश्य घ्यावी.