जोडलेली चित्रफीत का अडते? तपासणी आणि उपाय

(शेतकरी गटांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



पीक प्रात्यक्षिकाची चित्रफीत आता बरेच गट स्वतःच तयार करतात. पेरणीची एक क्लिप, कोळपणीची दुसरी, फुलोऱ्याची तिसरी, मग शेंगा भरतानाची आणि शेवटी मळणीची. या क्लिप एकमेकींना जोडल्या जातात. पुढे शेतीशाळेत फीत लावली की पहिलाच भाग दिसून ती थांबते, किंवा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, किंवा रूपांतर करताना संगणक निम्म्यावर अडतो. सोयाबीनची शेंगा भरण्याची अवस्था पुन्हा चित्रित करायची तर पुढचा खरीपच गाठावा लागेल. म्हणून जोडलेली फीत संगणक, मोबाईल आणि टीव्ही अशा तिन्ही ठिकाणी शेवटपर्यंत चालल्याशिवाय मूळ क्लिप पुसू नयेत. मूळ क्लिप शाबूत असतील, तर पुढे सांगितलेले बहुतेक सर्व दोष दूर करता येतात.

प्रथम दोष नेमका कोठे आहे ते पाहावे. फाईलच्या नावापुढे एमपी-४ लिहिलेले असते. ते केवळ पोत्याचे नाव आहे, आतल्या धान्याचे नाही. आतील चित्र एच-२६४ या पद्धतीने दाबून भरलेले असू शकते किंवा एच-२६५ या नव्या पद्धतीने. २६४ ही पद्धत २००३ मधली आणि २६५ ही २०१३ मधली. जुन्या टीव्हीला दुसरी समजत नाही, तेव्हा आवाज येतो पण चित्र दिसत नाही. अशा वेळी फाईलचे नाव बदलून काही उपयोग होत नाही. पोत्यावर गहू लिहिल्याने आतली ज्वारी बदलत नाही. संगणकावर व्हीएलसी या मोफत प्रोग्रॅममध्ये फाईल उघडावी आणि 'टूल्स' मधील कोडेकची माहिती पाहावी. चित्राची पद्धत, आकार, दर सेकंदाच्या चौकटी आणि आवाजाचा दर्जा तेथे दिसतो. प्रत्येक क्लिपची ही माहिती वहीत लिहून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे, पण निम्मे निदान येथेच होते.

आता जोडणीकडे वळू. एमपी-४ फाईलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कोणती चौकट फाईलमध्ये कोठे आहे, याची ती नोंद. दोन फाईली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या तर आत दोन अनुक्रमणिका होतात आणि बहुतेक प्रोग्रॅम पहिलीच वाचतात. फाईलचा आकार दोन्ही क्लिपइतका आणि दिसते मात्र एकच क्लिप, असे आढळल्यास हेच कारण समजावे. डीव्हीडीवरील एकाच कार्यक्रमाचे तुकडे मात्र असे चिकटवले तरी चालतात, कारण त्या फाईलची रचना निराळी असते. त्यामुळे जुन्या डीव्हीडीवर चाललेली युक्ती मोबाईलच्या क्लिपवर वापरू नये.

जोडणीचा प्रोग्रॅम योग्य असला तरी क्लिप एकसारख्या नसतील तर अडचण येतेच. ६३ मि.मी.च्या पाईपला ७५ मि.मी.चा पाईप तसाच बसत नाही, मध्ये रिड्युसर लागतो. एक क्लिप आडवी, दुसरी उभी. एक थेट मोबाईलवरची, दुसरी व्हॉट्सॲपवरून आलेली. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान केली जाते. गटातील इतरांकडून क्लिप मागवताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे, म्हणजे मूळ दर्जा राहतो. उभ्या क्लिपमध्ये 'चित्र फिरवून दाखवा' एवढीच सूचना नोंदवलेली असते. जोडताना पहिल्या क्लिपची सूचना सर्वांना लागू होते आणि पुढची माणसे आडवी झोपलेली दिसतात! हसू येते खरे, पण आपण खर्चाचा तक्ता सांगत असताना शेतकऱ्यांचे लक्ष तिकडेच जाते.

ड्रोनच्या क्लिपकडे विशेष लक्ष द्यावे. बहुतेक ड्रोन आवाज नोंदवत नाहीत. अशी मुकी क्लिप मध्ये आली की पुढच्या क्लिपचा आवाज आधीच सुरू होतो, आणि फवारणीच्या चित्रावर काढणीचे निवेदन ऐकू येते. तिला आधी निःशब्द आवाजाची पट्टी जोडून घ्यावी.

आवाज हळूहळू मागेपुढे सरकत असेल तर कारण वेगळे आहे. मोबाईल कमी प्रकाशात दर सेकंदाच्या चौकटी आपोआप कमी करतो. सायंकाळच्या क्लिपमध्ये हे हमखास होते. रूपांतर करताना चौकटींचा दर स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडावा. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये तो आहे.

माझ्या मते तुटकी जोडलेली फीत दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ क्लिपपासून नव्याने सुरुवात करणे कमी वेळाचे आहे. प्रत्येक क्लिप स्वतंत्रपणे शेवटपर्यंत चालवून पाहावी. नंतर सर्व क्लिप एकाच मापात आणाव्यात : चित्र एच-२६४, आकार १२८० बाय ७२०, दर सेकंदाला स्थिर ३० चौकटी, आवाज एएसी पद्धतीचा, ४८ किलोहर्ट्झ, दोन बाजूंचा. मगच त्या जोडाव्यात. एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने अशा एकसारख्या क्लिप पुन्हा न दाबता जोडता येतात, त्यामुळे दर्जा घटत नाही आणि वेळही फार लागत नाही. रूपांतर एखाद्या ठराविक मिनिटाला थांबत असेल तर त्या मिनिटाला कोणती क्लिप येते ते पाहावे. दोष बहुधा त्या क्लिपमध्ये किंवा तिच्या जोडावर असतो. तेवढीच क्लिप वेगळी काढून तपासावी.

टीव्हीला पेन ड्राइव्ह लावणार असाल तर तो फॅट-३२ पद्धतीचा आहे का ते पाहावे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. ७२० आकाराची अर्ध्या तासाची फीत साधारणपणे त्याच्या बरीच आत राहते.

चित्रण चालू असताना बॅटरी संपली तर फाईल उघडतच नाही. अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबवल्यावर लिहिली जाते, आणि ती लिहायचीच राहून गेलेली असते. आतील चित्र मात्र बऱ्याचदा शिल्लक असते. त्या कार्डावर नवे चित्रण करू नये. त्याच मोबाईलवर त्याच सेटिंगमध्ये घेतलेली एक चांगली क्लिप सोबत ठेवावी. अनट्रंक हा प्रोग्रॅम तिच्या नमुन्यावरून हरवलेली अनुक्रमणिका पुन्हा बांधण्याचा प्रयत्न करतो. त्यातून निघालेली फाईल इतर क्लिपप्रमाणेच आधी एका मापात आणावी आणि मग जोडावी.