नांदावयास येण्याचा हुकूम



बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात नंदगड हे जुन्या बाजारपेठेचे गाव आहे. मराठी आणि कानडी तेथे शेजारीशेजारी नांदतात. 'नांदतात' हा शब्द मी मुद्दाम योजला. आपल्या भाषेत भाषा नांदतात, गोकुळे नांदतात, शांतता नांदते. आणि लग्न झालेली मुलगी सासरी नांदते. काही बिनसले की 'ती नांदत नाही' किंवा 'तो नांदवत नाही' एवढ्या दोन शब्दांत गावाला सारे कळते. या घरगुती क्रियापदाला न्यायालयाच्या हुकुमाची आणि तुरुंगाच्या धाकाची जोड कोठून मिळाली, त्याची कुळकथा आज सांगावयाची आहे. ती कथा आपल्या धर्मशास्त्रात सुरू होत नाही. इंग्लंडच्या धर्मपीठात सुरू होते.

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्याकडे न नांदणाऱ्या मुलीचा तंटा घरातील वडीलधारे किंवा जातीची पंचायत यांच्यापुढे जाई. पंचायत न्यायीच असे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तिच्यापाशी दंड होता, वाळीत टाकणे होते, आणि बाईचे म्हणणे ऐकून घेण्याची तिला फारशी सवय नव्हती. तथापि अनेक जातींत काडीमोड होती, फारकत होती, घटस्फोटितेचा वा विधवेचा पाट लावण्याची चाल होती. याच चालीला कोठे मोहतूर म्हणत, कानडी मुलखात उडकी म्हणत. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जाती यांना ही वाट बंद होती. म्हणजे लग्नाची गाठ सुटणारच नाही हा नियम सर्व हिंदूंचा नव्हता. काही थोड्यांचा होता.

आता इंग्लंडकडे वळू. तेथे विवाह हा शतकानुशतके धर्मसंस्थेच्या अखत्यारीतील विषय होता. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची, आणि दोघांनी परस्परांस वरल्याचे शब्द स्पष्ट उच्चारले, की धर्मपीठाच्या दृष्टीने लग्न बांधील झाले; पाद्री नसला तरी चाले. याचा फायदा घेऊन लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात पाद्र्यांनी झटपट लग्ने लावून देण्याचा धंदाच मांडला होता. १७५३ मध्ये लॉर्ड हार्डविक यांच्या कायद्याने त्याला आळा घातला. लग्न चर्चमध्येच व्हावे, त्याचा आधी जाहीर पुकारा व्हावा किंवा परवाना काढावा, असे ठरले. कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तेव्हा आईबापांची संमती नसलेली जोडपी हद्द ओलांडून ग्रेटना ग्रीन या गावी पळू लागली. हद्दीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, ही गोष्ट सीमाभागातील श्रोत्यांना निराळी समजावून सांगावयास नको. नंदगडच्या बाजूने घाट उतरून गोव्यात गेले की विवाहाचा कायदा आजही वेगळा लागतो. तो पोर्तुगीजांच्या वेळचा आहे.

इंग्लंडात लग्न जुळणे एके काळी इतके सोपे होते, पण मोडणे जवळजवळ अशक्य. १८५७ पर्यंत संपूर्ण घटस्फोट हवा असेल तर त्या एका जोडप्यापुरता स्वतंत्र कायदा पार्लमेंटकडून मंजूर करून घ्यावा लागे. हा श्रीमंतांचा मार्ग. आणि त्या मार्गाने यशस्वी झालेल्या स्त्रिया साऱ्या इतिहासात चारच. गरिबांनी आपली तोड काढली होती. नवरा बायकोच्या गळ्यात दोर अडकवून तिला बाजारात नेई आणि चारचौघांसमक्ष लिलाव करून दुसऱ्याच्या हवाली करी. पुष्कळदा गिऱ्हाईक आधीच ठरलेले असे आणि बाईचीही संमती असे, असे इतिहासकार सांगतात. तरी दोर तो दोरच. कायद्याने याला मान्यता कधीच नव्हती, पण एकोणिसाव्या शतकातही असे प्रकार घडत. टॉमस हार्डी यांच्या १८८६ सालच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या कादंबरीची सुरुवातच अशा विक्रीने होते. आमच्या काडीमोडीला रानटी म्हणणारे साहेब याच देशातून येत होते.

याच धर्मपीठांत एक दावा चाले. पतीपत्नींपैकी एकाने कारणावाचून घर सोडले तर दुसऱ्याने त्याला परत बोलावण्यासाठी मागावयाचा हुकूम, म्हणजे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा. आपल्या भाषेत, नांदावयास येण्याचा हुकूम. तो मोडणाऱ्यास प्रारंभी धर्मबहिष्काराची शिक्षा होती; १८१३ मध्ये तिच्या जागी जास्तीत जास्त सहा महिन्यांचा तुरुंगवास आला. १८५७ च्या कायद्याने विवाहाचे तंटे धर्मपीठांकडून काढून नव्या न्यायालयाकडे दिले, आणि हा दावाही त्यांच्याबरोबर तिकडे गेला.

या शिक्षेचा शेवट कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. जॉर्जिना वेल्डन या बाईंना त्यांच्या पतीने १८७८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात घालण्याचा घाट घातला होता. बाई निसटल्या, आणि पुढे १८८२ मध्ये त्यांनीच पतीविरुद्ध पुनःस्थापनेचा हुकूम मिळविला. पतिराज काही नांदावयास येईनात. आता एका प्रतिष्ठित गृहस्थाला, बायकोजवळ राहत नाही म्हणून, तुरुंगात जाण्याची पाळी आली! पार्लमेंटला एकाएकी या शिक्षेतील विसंगती जाणवली आणि १८८४ मध्ये ती रद्द झाली. बायका तुरुंगात जाण्याचा प्रश्न असता तर इतकी घाई झाली असती काय, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

त्याच १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिच्याविरुद्ध हाच दावा लावला.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, ज्ञाती सुतार. वडील लवकर वारले. जातीत पुनर्विवाहाची चाल होती म्हणून आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विद्वान वैद्यांशी दुसरा विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजींशी लागले, परंतु त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडिलांच्या घरी त्यांनी वाचनाची गोडी लावून घेतली. दादाजी मामाच्या आश्रयाला होते. शिक्षण राहिले, प्रकृती ढासळली. वयात आलेल्या रखमाबाईंनी सांगितले की, मला कळत नसताना, माझ्या संमतीवाचून झालेल्या या लग्नाखातर मी नांदावयास जाणार नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा साधा होता. जे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांच्यात पुनःस्थापना कशाची करावयाची? शिवाय हा दावा मूळचा इंग्रजी आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, हेही त्यांनी बोलून दाखविले. दादाजींनी अपील केले. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये तो निकाल फिरवून प्रकरण परत पाठविले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: एका महिन्यात पतीकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंग. इंग्लंडने तीन वर्षांपूर्वी टाकून दिलेली शिक्षा मुंबईत जिवंत होती. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, आणि १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबई राज्यातच राहिला. म्हणजे हायकोर्टाचा तो निकाल खानापूर, नंदगडच्या लेकीबाळींनाही लागू होता. त्यांतील कितीजणींच्या कानी रखमाबाईंचे नाव गेले असेल?

पुण्यात आणि मुंबईत मात्र रण माजले. बेहरामजी मलबारी प्रभृती सुधारक रखमाबाईंच्या बाजूने, आणि लोकमान्य टिळक विरुद्ध. सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारने आमच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे. त्या भूमिकेमागील स्वाभिमान खरा होता. पण सरकारचा हात विवाहसंस्थेत आधीच कोपरापर्यंत गेला होता, तो या दाव्याच्याच रूपाने. परकी गोष्ट रखमाबाईंचा नकार ही नव्हती. परका होता तो हुकूम. आणि धर्मरक्षणाच्या उत्साहात त्या परक्या हुकुमाची पाठराखण आपल्याच लोकांनी केली. या एका बाबतीत लोकमान्यांचा तर्क चुकला, असे माझे मत आहे.

इंग्रजांनीही फुशारकी मारावी असे काही नव्हते. त्यांनी आपल्या देशात मुलींचे संमतिवय १८८५ मध्ये सोळा केले. हिंदुस्थानात ते दहा होते, आणि १८९१ मध्ये मोठ्या वादळानंतर बारावर आले. त्याच १८९१ साली क्लिदरो गावच्या एमिली जॅक्सन यांना पतीने चर्चच्या दारातून उचलून नेऊन घरात कोंडले, आणि पतीला असा अधिकार नाही हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले. चर्चची ती बारा आणि चौदा वर्षांची विवाहमर्यादा तर तेथे १९२९ पर्यंत चालू होती. आपला शारदा कायदाही त्याच साली झाला!

रखमाबाईंचे प्रकरण जुलै १८८८ मध्ये तडजोडीने मिटले. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हक्क सोडला. दुसऱ्या वर्षी रखमाबाई लंडनला वैद्यक शिकावयास गेल्या, ब्रुसेल्सची एम.डी. पदवी घेऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे पस्तीसएक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. दादाजी १९०४ मध्ये वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ नेसणे सुरू केले असे सांगतात. ज्या लग्नाला त्यांनी जन्मभर लग्न मानले नाही त्याचे सुतक त्यांनी का धरले, हे कोडे ज्याने त्याने आपापल्या परीने सोडवावे. त्या १९५५ च्या सप्टेंबरात निवर्तल्या.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने घटस्फोट दिला, एकपत्नीत्व आणले. आणि नवव्या कलमात पुनःस्थापनेचा तो जुना दावाही जपून ठेवला. तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्येच गेली होती. आता हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते. इंग्लंडने १९७० च्या कायद्याने हा दावा समूळ काढून टाकला. आंध्रच्या हायकोर्टाने १९८३ मध्ये आपले कलम घटनाबाह्य ठरविले, परंतु सुप्रीम कोर्टाने पुढच्याच वर्षी ते वैध मानले. २०१९ मध्ये त्याला पुन्हा आव्हान देण्यात आले.

प्रत्यक्ष कचेरीत या कलमाचा उपयोग कसा होतो, हे कोणताही तालुक्याचा वकील सांगेल. पत्नीने पोटगी मागितली की पती नांदविण्याचा दावा लावतो, म्हणजे 'मी नांदवावयास तयार आहे, तीच येत नाही' असे म्हणता येते. आणि हुकूम मिळून वर्षभर एकत्र राहणे झाले नाही, की तोच हुकूम दाखवून घटस्फोट मागता येतो.